‘रिस्टोर’ कुठवर आले? पेशवे दफ्तर, राजवाडे आणि डेटाबेस

१/१९
धुळ्याहून मुंबई–आग्रा महामार्गाने उत्तरेस निघाले, की सोनगीर मागे पडते आणि पुढे नरडाणा लागते. सुरत–भुसावळ लोहमार्गावरचे स्थानक आणि महामार्गालगतची औद्योगिक वसाहत ही या गावाची आजची ओळख. अशा वसाहतीतील एखाद्या कारखान्याचा सर्व्हर कोसळला, तर रात्रभर कोणीतरी पडद्यासमोर बसून राहतो. बॅकअपमधून डेटाबेस परत उभा होत असतो. पडद्यावर आकडा दिसतो ९२ टक्के, आणि दोन तास तो आकडा जागचा हलत नाही. सकाळच्या पाळीपूर्वी काम संपेल का, हे सांगणे त्याला शक्य नसते.

२/१९
याच जिल्ह्यात, याच प्रश्नाचा एक जुना अध्याय घडला आहे. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे निधन झाले. मराठ्यांच्या इतिहासाचे विखुरलेले कागद परत एकत्र आणण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. त्यांच्यामागे दप्तरांचे ढीग उरले आणि प्रश्नही उरला: हे काम कुठवर आले होते, आणि ते पुढे कसे जाणार? विशाल नोंदसंग्रह परत वापरात आणण्याचा वेग कशाने वाढतो आणि त्याची प्रगती कशी मोजावी, याचे धडे या इतिहासात मिळतात.

३/१९
आधी मूळ संग्रह पाहावा. पुण्यातील पेशव्यांचे हुजूर दफ्तर हे अठराव्या शतकातील एक प्रचंड नोंदयंत्र होते. रोज घडणारा प्रत्येक व्यवहार, म्हणजे जमा, खर्च, सनद, आज्ञा, ‘रोजकीर्दी’त तारखेच्या क्रमाने चढे. रोजकीर्दीतील नोंदी पुढे विषयवार ‘खतावणी’त जात. वर्षाअखेरीस एकूण जमा, खर्च आणि शिल्लक यांचा गोषवारा ‘तर्जुम्या’त उतरे. फडणीसाच्या देखरेखीखालील दैनंदिन कामकाजाचे ते ‘चालते दफ्तर’ आणि जुन्या हिशेबांचे क्रमवार संकलन करणारे ते ‘एकबेरीज दफ्तर’, अशी विभागणी होती.

४/१९
आजच्या डेटाबेसची रचना याहून फार निराळी नाही. प्रत्येक बदल प्रथम एका रोजनिशीवजा ‘लॉग’मध्ये लिहिला जातो आणि मग तो मुख्य तक्त्यांत जातो. तक्त्यांत शोध लवकर लागावा म्हणून ‘इंडेक्स’ असतो. बॅकअप म्हणजे एका ठरावीक क्षणी घेतलेली तक्त्यांची नक्कल. रिस्टोर म्हणजे ती नक्कल परत मांडणे, तिच्यानंतरचा लॉग क्रमाने पुन्हा चालवणे आणि इंडेक्स सिद्ध करणे. रोजकीर्द शाबूत असेल, तर खतावणी नव्याने बांधता येते. रोजकीर्द फाटली, तर खतावणीतील शंका फेडणारे कोणी उरत नाही.

५/१९
दुसऱ्या बाजीरावाच्या काळात दफ्तराची शिस्त ढिली झाली. १८१८ मध्ये राज्य गेले आणि दफ्तर इंग्रजांच्या हाती आले. एल्फिन्स्टनच्या काळात कॅप्टन मॅक्लिऑड या अधिकाऱ्याने कागदांना काहीसा क्रम लावण्याचे काम केले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इनाम कमिशन नेमले गेले. कोणाचे इनाम खरे आणि कोणाचे खोटे, हे ठरवण्यासाठी या कमिशनने दफ्तर उपसले आणि आणखी कागदही गोळा केले.

६/१९
इथे पहिला धडा मिळतो. इनाम कमिशनने दफ्तर ‘रिस्टोर’ केले, पण एकाच प्रश्नापुरते. जमिनीच्या हक्काचा कागद शोधावा, तो मिळाला की काम संपले. सरकारच्या दृष्टीने संग्रह वापरात होता. इतिहासाच्या दृष्टीने तो अंधारातच राहिला. पुण्यात या कागदांसाठी स्वतंत्र इमारत झाली आणि तिला ‘एलिएनेशन ऑफिस’ हे नाव पडले. कागद पावसापासून वाचले, ही गोष्ट मोठी होती. परंतु सर्वसामान्य संशोधकांना त्या दाराच्या आत दीर्घकाळ प्रवेश नव्हता. नक्कल सुरक्षित असणे आणि ती उपयोगात येणे यांतील अंतर येथे दिसते.

७/१९
एक फट मात्र पडली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने, रावबहादुर गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या रोजनिशीतून निवडलेले उतारे खंडांच्या रूपाने प्रसिद्ध झाले. विशेष हे, की निवड रोजकीर्दीतून झाली. राजकारणाच्या पत्रांपेक्षा पेठा, जकाती, न्याय, टांकसाळी, धर्मकार्ये यांच्या नोंदी त्यातून लोकांसमोर आल्या. राज्य रोज कसे चालत होते, हे लॉग वाचल्यावरच कळते, याचा तो पुरावा होता.

८/१९
राजवाड्यांनी दुसरा मार्ग धरला. सरकारी दार बंद असेल, तर तोच इतिहास अन्यत्र कोठे नोंदला गेला आहे? पत्र लिहिणाऱ्याकडे मसुदा असतो, ज्याला पत्र गेले त्याच्याकडे मूळ प्रत असते, वकिलाच्या घरी नक्कल असते. वाड्यांच्या माळ्यांवर, देवघरांच्या कोनाड्यांत, सावकारांच्या पेट्यांत या नकला पडून होत्या. संगणकाच्या भाषेत त्या ‘प्रतिकृती’ होत. मुख्य सर्व्हर हाती नसेल, तर विखुरलेल्या प्रतिकृतींवरून नोंद पुन्हा उभी करता येते. मात्र त्यासाठी प्रत्येक प्रतिकृतीपर्यंत कोणीतरी चालत जावे लागते.

९/१९
वाई येथे हाती आलेल्या कागदांवरून राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. त्यात १७५० ते १७६१ या वर्षांचे कागद होते, म्हणजे पानिपतापर्यंतचा काळ. पुढे ही माला २२ खंडांपर्यंत गेली. मिरजेत वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांच्या दफ्तरावर काम करीत होते, साताऱ्यात द. ब. पारसनीस स्वतंत्रपणे कागद मिळवून छापीत होते. एकाच कामाला अनेक हात एकाच वेळी लागले होते. प्रत्येक छापील खंड ही मूळ कागदाची शेकडो घरांत पोहोचलेली नवी नक्कल होती.

१०/१९
तरीही हात अनेक असणे पुरेसे नसते. कोणाकडे काय आहे, काय छापून झाले आणि काय उरले, याची एकत्र नोंद हवी असते. १९१० मध्ये राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. सभांतून नवे कागद वाचले जाऊ लागले आणि वर्षाच्या कामाचे ‘इतिवृत्त’ छापले जाऊ लागले. आज मोठा डेटाबेस परत उभा करताना काम अनेक धाग्यांत वाटले जाते आणि प्रत्येक धाग्याची स्थिती एका ठिकाणी दिसते. ती दिसली नाही, तर एक धागा केव्हाच थांबला आहे हे सकाळपर्यंत कळत नाही.

११/१९
राजवाड्यांच्या अखेरच्या वर्षांचे गाव धुळे. तेथे शंकर श्रीकृष्ण देव यांच्या सत्कार्योत्तेजक सभेने रामदासी हस्तलिखितांच्या संग्रहाचे मोठे काम उभे केले होते, म्हणजे कागदाची किंमत जाणणारे लोक गावात होते. राजवाडे गेले तेव्हा धोका कागद जळण्याचा नव्हता. धोका होता तो क्रम हरवण्याचा. कोणता रुमाल कोणत्या घरातून आला, कोणते पत्र कोणत्या पत्राचे उत्तर आहे, कोणत्या नोंदीवर शंका आहे, यांतले बरेचसे संग्राहकाच्या स्मरणात असते. तक्ते शिल्लक राहावेत आणि इंडेक्स नाहीसा व्हावा, तशी ही अवस्था.

१२/१९
धुळेकरांनी विलंब केला नाही. १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. राजवाड्यांचा संग्रह एकत्र राखणे, त्याची छाननी करणे आणि तो प्रसिद्ध करणे हे मंडळाने आपले काम मानले. मंडळाचे ‘संशोधक’ हे त्रैमासिक आणि वस्तुसंग्रहालय यांतून ते काम पुढे चालले. मृत्यूनंतरचे पहिले काही महिने येथे निर्णायक ठरले. बिघाडानंतर पहिल्या तासात कोणी काय हलवले आणि काय जागीच ठेवले, यावर पुढचा सारा वेग अवलंबून असतो, हे कोणताही अनुभवी संगणकतज्ज्ञ मान्य करील.

१३/१९
पुण्यातील मोठे दार अखेर १९३० च्या सुमारास उघडले. मुंबई सरकारने पेशवे दफ्तरातून निवड करण्याचे काम रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे सोपवले. त्यांचे वय तेव्हा पासष्टीच्या घरात होते, बडोद्याची नोकरी संपली होती आणि सर जदुनाथ सरकार यांचा सल्ला पाठीशी होता. समोर सुमारे ३५ हजार रुमाल. मजकूर बहुतांशी मोडीत. हाताशी मोजके सहायक आणि मर्यादित मुदत. सारे वाचायचे ठरवले असते, तर काम पिढ्यान्‌पिढ्या चालले असते. तरी १९३४ पर्यंत ‘पेशवे दफ्तरातून निवडलेले कागद’ या मालेचे ४५ खंड छापून झाले.

१४/१९
हा वेग कशातून आला? एक, क्रम कालानुसार ठेवला नाही. पहिला खंड शिवकालाचा नाही. तो उदगीरच्या लढाईचा आहे, १७६० चा. दुसरा पानिपत प्रकरणाचा. अभ्यासकांना ज्याची तहान सर्वाधिक होती, ते आधी बाहेर आले. मोठ्या डेटाबेसमध्येही आजचे व्यवहार ज्या तक्त्यांवर चालतात, ते आधी उभे करून दहा वर्षांपूर्वीचा इतिहास मागाहून भरता येतो. दोन, खंड विषयवार असल्याने एक छपाईला जात असता दुसऱ्याची निवड चालू राही. एक काम दुसऱ्यासाठी खोळंबत नव्हते.

१५/१९
तीन, सूची मागाहून केली. दफ्तरातील नोंदींची मार्गदर्शिका सरदेसायांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केली, निवडीचे काम बरेच पुढे गेल्यावर. आजही मोठा डेटाबेस भरताना इंडेक्स आधी बांधला, तर प्रत्येक नव्या ओळीमागे तो पुन्हा पुन्हा हलवावा लागतो. आधी ओळी भरून मग सर्व इंडेक्स एकदम बांधणे पुष्कळ जलद पडते. नरडाण्याच्या त्या पडद्यावर ९२ टक्क्यांशी आकडा थांबण्याचे कारण बहुधा इथेच असते. टक्केवारी उतरवलेल्या मजकुराची असते. इंडेक्सची बांधणी आणि नोंदींची परस्पर पडताळणी त्या आकड्यात धरलेलीच नसते.

१६/१९
मोजमापाचा हा प्रश्न दफ्तरातही होता. ३५ हजार रुमालांतून छापले गेले ते साधारण साडेआठ हजार कागद, म्हणजे चार रुमालांमागे सरासरी एक. रुमाल मोजावेत, तर एकात थोडे कागद आणि दुसऱ्यात कित्येक पट. पाने मोजावीत, तर हिशेबाचे पान आणि रणभूमीवरून लिहिलेले पत्र सारखेच धरले जाते. शिवाय अडथळा कागदांचा नव्हता. तो मोडी वाचणाऱ्या डोळ्यांचा होता. कारकून वाढवून रुमाल लवकर सोडता आले असते, वाचणारे तेवढेच राहिले असते. सर्व्हरवर धागे दुप्पट केले आणि डिस्कचा वेग तोच राहिला, तर तेथेही रांगच वाढते. कोठे अडले आहे, हे आधी पाहावे आणि मग बळ लावावे.

१७/१९
आणि क्रमाचे काय? मराठी पत्रांत पुष्कळदा मुसलमानी महिन्याचा चंद्र तेवढा असतो, वर्ष नसते. एक पत्र एका वर्षाने चुकले, तर पराभवाआधीची तयारी पराभवानंतरची ठरते. म्हणून तिथी, चंद्र, शक आणि इसवी सन यांचा मेळ घालणाऱ्या जंत्र्या आणि शकावल्या संशोधकांना अमोल वाटल्या. आधी एकदा गणित करून ठेवले, की हजार पत्रांचा वेळ वाचतो. डेटाबेस परत उभारण्याची आजची प्रतिष्ठित पद्धत ‘एरीज’ हिचा शोधनिबंध १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे प्रमुख लेखक सी. मोहन, मूळचे भारतीय, तेव्हा आयबीएममध्ये काम करीत होते. त्यांच्या पद्धतीतील एका मूलतत्त्वाचे नावच आहे ‘इतिहासाची पुनरावृत्ती’. लॉगमधील प्रत्येक बदल, पुढे रद्द होणारासुद्धा, आधी मूळ क्रमाने पुन्हा घडवायचा आणि मग अपुरे व्यवहार मागे घ्यायचे.

१८/१९
वेगाची किंमतही मोजावी लागली. सरदेसायांच्या खंडांतील काही वाचनांवर आणि तारखांवर पुढील अभ्यासकांनी आक्षेप घेतले. निवड मुख्यतः राजकीय पत्रव्यवहाराची झाली, तर दफ्तराचा फार मोठा भाग हिशेबांचा होता. गावाचे उत्पन्न, दुष्काळातील सूट, पेठेतील जकात हे सारे पुढच्या पिढ्यांच्या अभ्यासकांसाठी रुमालांतच राहिले. तातडीचे आधी आणणे योग्यच होते. पण तातडीचे आले म्हणजे सारे आले, असा समज झाला की उरलेल्याकडे कोणी फिरकत नाही. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली, पाच जणांचे प्राण गेले आणि वरच्या मजल्यांवरील असंख्य फायली जळाल्या. तेव्हा शासनाला जिल्ह्यांतील आणि दुय्यम कार्यालयांतील प्रतींवरून फायली नव्याने बांधाव्या लागल्या. राजवाड्यांची रीत शंभर वर्षांनी पुन्हा कामी आली.

१९/१९
‘किती टक्के झाले?’ या प्रश्नापेक्षा ‘आता कोणत्या प्रश्नाचे उत्तर देता येते?’ हा प्रश्न अधिक खरा आहे. इनाम कमिशनला इनामांचे उत्तर मिळाले, वाडांच्या वाचकांना राज्यकारभाराचे, सरदेसायांच्या वाचकांना पानिपताचे. कारखान्याच्या सर्व्हरबाबतही हेच: आजची देयके निघतात का, कालचा साठा जुळतो का, हे तपासून पाहिल्यावरच काम झाले असे म्हणता येते. त्यासाठी गरज नसतानाच्या एखाद्या दिवशी बॅकअप परत उभा करून पाहावा आणि लागलेला वेळ लिहून ठेवावा. पेशवे दफ्तरातील पुष्कळ रुमाल आजही वाचणाऱ्यांची वाट पाहत आहेत. पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो, धुळ्यात राजवाड्यांचा संग्रह उभा आहे. १८१८ नंतर सुरू झालेले ते रिस्टोर अजून चालू आहे, आणि त्याचा वेग मोडी वाचणारे किती आहेत यावरच ठरणार आहे.